रोपं किती यापेक्षा आया किती: टेकडीवर झाडं लावणाऱ्यांसाठी झाडांच्या डीएनएबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या उतारावर एका गटाला पुढच्या पावसाळ्यात हजारभर देशी रोपं लावायची आहेत. सोसायटीच्या आवारातल्या एका डेरेदार पळसाखाली आणि एका बहाव्याखाली भरपूर बी पडतं. सालईच्या फांद्या ओळखीच्या एका शेताच्या बांधावरून मिळतात. जात देशी, बी फुकट, उगवण चांगली. मग झाडाच्या डीएनएचा विचार लावणाऱ्यानं कशाला करायचा?

करायचा, आणि तो बी वेचतानाच करायचा. बाजरीचं बियाणं फसलं तर एक हंगाम जातो. झाडाच्या बाबतीत चूक कळायलाच पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि तोवर ती चूक टेकडीवर मुळं धरून उभी असते.

आधी झाडांचा स्वभाव बघू. गहू किंवा हरभरा स्वतःच्याच परागांवर बी धरतो, पिढ्यान्‌पिढ्या धरतो आणि त्याचं काही बिघडत नाही. बहुतेक जंगली झाडांचं तसं नाही. त्यांना दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. कित्येक जातींत स्वतःचा पराग फुलात पोचला तरी नाकारला जातो, किंवा फळ धरून पुढे गळतं. या सवयीमुळे प्रत्येक झाडाच्या डीएनएत बरीच घातक जनुकरूपं (एकाच जनुकाचे वेगवेगळे अवतार) लपून राहतात. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, म्हणून झाड बाहेरून ठणठणीत दिसतं. नात्यातल्या झाडांचा संकर झाला की दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच बीत येण्याची शक्यता वाढते. मग बी पोकळ निघतं, किंवा रोप खुरटं राहतं. रोपवाटिकेत कधीकधी पांढरंफटक रोप उगवतं आणि बीतला साठा संपला की मरून जातं. एकाच झाडाच्या बियांतून अशी रोपं वारंवार निघत असतील तर त्या झाडाला बाहेरचा पराग मिळत नसल्याची शंका घ्यावी आणि त्याचं बी सोडून द्यावं.

आता तुमचा पळस घ्या. त्याच्याखालून ३०० बिया वेचल्या तर त्या सगळ्यांची आई एक. बाप वेगवेगळे असले तर ती सावत्र भावंडं झाली. सावत्र भावंडांचा आपसात संकर झाला की होणाऱ्या बीच्या सरासरी १२.५ टक्के जनुकांत दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. पळसावर शिंजीर आणि मैना पराग नेतात. आसपास दुसरा पळसच नसेल तर त्याच झाडाचे पराग त्याच झाडावर फिरतात, आणि त्यातून जे थोडं बी धरतं त्यात हे प्रमाण ५० टक्क्यांवर जातं. म्हणून आवारातलं एकुलतं झाड कितीही देखणं असलं तरी मातृवृक्ष, म्हणजे बी घ्यायचं झाड, म्हणून कमकुवत.

यातली खरी अडचण अशी की पहिल्या पिढीत काहीच दिसत नाही. आईला बाहेरचा पराग मिळाला असेल तर तिची रोपं जोमदार येतात, जगतात, फुलतात. गोम कळते ती ही झाडं एकमेकांच्या परागांवर बी धरू लागतात तेव्हा. टेकडी हिरवी दिसत असते, पण खाली आपसूक उगवलेलं एकही धड रोप नसतं. लागवड टिकली की नाही हे माझ्या मते तिथेच ठरतं. तीन वर्षांनी किती रोपं जिवंत होती हा आकडा अहवालापुरता ठीक आहे.

किती मातृवृक्ष पुरेत, याचा हिशेब सोपा आहे. समजा, दुष्काळ सोसायला मदत करणारं एक जनुकरूप त्या जातीत १०० प्रतींमागे ५ प्रतींत आहे. एका झाडात जनुकाच्या दोन प्रती. ३ झाडांचं बी घेतलं तर आयांकडच्या ६ प्रती हाती आल्या, आणि त्यांत ते रूप एकदाही नसण्याची शक्यता ०.९५ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ७४ टक्के. १० झाडं घेतली तर ती ३६ टक्क्यांवर येते. ३० झाडांना ५ टक्क्यांच्या आत, ५० झाडांना १ टक्क्याच्याही आत. बापांकडून येणाऱ्या प्रती यात धरलेल्या नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष स्थिती थोडी बरी असते. तरी ३ वरून ३० वर जाताना जेवढं हाती येतं तेवढं ३० वरून १०० वर जाताना येत नाही, हे यातून दिसतं. बीजसंकलनात प्रत्येक जातीचे २५ ते ३० मातृवृक्ष असावेत असं म्हणतात ते यामुळे.

विविधता नसली की काय होतं, हे महाराष्ट्रानं सुबाभळीत पाहिलं आहे. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणात सुबाभूळ जोरात लावली गेली. ती स्वतःच्या परागांवर बी धरणारी, आणि जगभर पसरलेला साठा मूळ मेक्सिकोतल्या फार थोड्या झाडांपासूनचा. त्यामुळे देशोदेशीची सुबाभूळ जवळजवळ एकसारखी. तिच्यावरची रस शोषणारी बारीक सायलिड कीड १९८४ मध्ये हवाईत पोचली आणि १९८८ मध्ये भारतात. कोवळे शेंडे एकजात वाळले, कारण किडीला अडवणारं वेगळं झाड रांगेत नव्हतंच. पुढे प्रतिकारशक्ती शोधताना सुबाभळीच्या नात्यातल्या दुसऱ्या जातींकडे जावं लागलं. इंग्लंडच्या एल्मची कथाही अशीच. रोमन काळात नेलेल्या एकाच वाणाची ही सगळी शाखीय, म्हणजे बीशिवाय वाढवलेली संतती, असं २००४ मधल्या डीएनए अभ्यासानं दाखवलं; आणि १९७० च्या दशकात डच एल्म रोगानं ती झाडं देशभर झोपवली.

सालईबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पुण्याच्या खडकाळ उतारांवर ती अगदी आपली आहे आणि तिच्यातच सगळ्यात सोपी चूक होते. सालईचं बी कमी धरतं आणि कमी उगवतं, म्हणून लोक पावसाआधी मनगटाएवढ्या फांद्या तोडून पुरतात. त्या जगतातही. पण सालईचं फूल स्वतःचा पराग नाकारतं, आणि एका झाडाच्या शंभर फांद्या ही डीएनएच्या हिशेबात शंभर ठिकाणी उभी असलेली एकच सालई. त्या सगळ्या फुलतील, आग्या मोहोळाच्या आणि सातेरी मधमाश्या एकीवरून दुसरीवर जातील, आणि फळ जवळजवळ धरणार नाही. एका बांधावरच्या सगळ्या सालया एकाच झाडाच्या फांद्या असण्याची शक्यताही मोठी असते. कुंपणासाठी लोकांनी तेच केलेलं असतं.

तुमच्या बांधावरची सालई कशी आहे ते तपासता येतं. मे महिन्यात फळं तडकण्याआधी निरनिराळ्या झाडांवरून मिळून शंभर फळं काढा. फळ तीन कडांचं असतं, उकललं की तीन कप्पे वेगळे होतात. आतल्या कठीण बिया पाण्यात टाका. तरंगतात त्या बहुतेक पोकळ. बुडालेल्यांतल्या ५० बिया नखकात्रीनं कापून आत पांढरा गर आहे का ते मोजा. सालईत थोडी पोकळ बी नेहमीच असते, पण फळंच मोजकी आणि त्यांतही गर क्वचित, अशी स्थिती असेल तर त्या बांधावरच्या फांद्या घेऊ नका. फांद्या घ्यायच्याच तर निदान १५ ते २० वेगवेगळ्या झाडांच्या, आणि तीही झाडं निरनिराळ्या उतारांवरची असावीत. प्रत्येकाच्या दोन-तीनच घ्या. बुंध्याकडच्या टोकाशी, मातीत जाणार नाही इतक्या उंचीवर, झाडागणिक वेगळ्या रंगाचा ऑइलपेंटचा पट्टा ओढा. लावताना दोन सारखे रंग शेजारी येऊ देऊ नका. पट्ट्याचं काम पाच मिनिटांचं आहे, आणि ते केलं नाही तर एका झाडाच्या फांद्या हमखास एका कोपऱ्यात लागतात, कारण त्या गाडीतून एकत्र उतरतात.

धावड्यातही पोकळ बीचं प्रमाण फार असतं. तिथे बी जास्त घ्यावं लागतं, आणि दाट वस्तीतल्या झाडांचंच घ्यावं.

वड, पिंपळ, उंबर यांचा हिशेब वेगळा. प्रत्येकाची स्वतःची चिलटाएवढी गांधीलमाशी असते, तीच फळाच्या आत शिरून परागीकरण करते. ती फार लांब जाऊ शकते. नामिबियातल्या वाळवंटात नदीकाठच्या उंबरवर्गीय झाडांची आणि त्यांच्या बीची डीएनए तुलना २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत पराग १६० किलोमीटरपर्यंत गेल्याचं दिसलं. म्हणून शहरातल्या एकट्या वडाचं बी एकट्या पळसाच्या बीइतकं संशयास्पद नसतं. पण वड लावताना बहुधा फांदीच लावतात, आणि मग तोच घोळ. शिवाय ही माशी बाहेर आल्यावर एक-दोन दिवसच जगते. तेवढ्यात तिला योग्य अवस्थेतलं दुसरं झाड सापडावं लागतं, म्हणजे परिसरातल्या वडांनी आळीपाळीनं फळावर यायला हवं. एकाच झाडाच्या फांद्या एका उतारावर लावल्या तर त्या बरोबरच फळावर येण्याची शक्यता वाढते. दोन-तीन वेगवेगळ्या वडांची बियांपासूनची रोपं, किंवा जुन्या भिंतीत पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवलेली पोरकी रोपं अलगद काढून घेतली तर उत्तम. भिंतीतल्या रोपांच्या आया हमखास निरनिराळ्या असतात.

फळबागेत मात्र नेमकं उलट हवं असतं. हापूसचं कलम म्हणजे तेच झाड पुढे चालवणं, कारण हापूसची कोय लावली तर हापूस मिळत नाही. जांभळाच्या एका बीतून कधी दोन-तीन रोपं येतात आणि त्यांतली काही आईची हुबेहूब प्रत असतात. बागेला हे सोयीचं. टेकडीसाठी जांभूळ लावत असाल तर एका बीचं एकच रोप ठेवा आणि आयांची संख्या वाढवा.

बी कुठून आणायचं, हा यापुढचा प्रश्न. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. साठ-पासष्ट किलोमीटरवर लोणावळ्याकडे तो ४,००० च्या पुढे जातो. ऐन, बेहडा, बहावा, काटेसावर दोन्हीकडे आहेत. जात एक, पण शेकडो पिढ्यांच्या निवडीनं डीएनए वेगळा घडलेला: पालवी कधी फुटते, पानं कधी गळतात, मूळ आधी वाढतं की खोड. घाटमाथ्याच्या बीची रोपं पिशवीत उंच आणि टवटवीत दिसतात म्हणून विकत घेणाऱ्याला आवडतात. टेकडीच्या मुरमात पहिल्या दोन उन्हाळ्यांत तीच आधी जातात. म्हणून बी कात्रज, दिवे घाट, पुरंदर, सिंहगडाच्या पूर्वेकडचे उतार अशा सारख्या पावसाच्या आणि सारख्या मातीच्या जागांचं घ्यावं. उन्हाळे कडक होत चालले आहेत हे लक्षात घेऊन पाचातला एक भाग बी पूर्वेकडच्या आणखी कोरड्या पट्ट्यातून, बारामती-इंदापूरकडून घ्यावं असं माझं मत आहे. त्याहून जास्त नको, स्थानिक गुणच पातळ होतील. राखीव वनातलं बी वनविभागाच्या परवानगीशिवाय घेऊ नका.

वेचताना दोन मातृवृक्षांत निदान ५० मीटर, जमलं तर १०० मीटर अंतर ठेवा, कारण शेजारी उगवलेली झाडं बहुधा एकमेकांची भावंडं असतात. एकांड्या झाडाऐवजी जिथे त्याच जातीची बरीच झाडं एकत्र फुलतात तिथे जा. प्रत्येक झाडाचं बी साधारण सारख्या संख्येनं घ्या. हे सगळ्यात जास्त मोडलं जातं: एका लदलेल्या झाडाखाली पोतं भरतं, बाकीच्यांचं मूठभर येतं, आणि यादीत ३० आया असूनही निम्मी रोपं एकीचीच निघतात. फक्त सरळ आणि उंच झाडं निवडू नका. तो इमारती लाकडाचा निकष आहे. वाकडं, खुजं, खडकातून वर आलेलं झाडही घ्या. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन खेपा करा, म्हणजे लवकर आणि उशिरा पिकणारी दोन्ही येतात. प्रत्येक झाडाची वेगळी कापडी पिशवी, आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी, आणि मोबाइलमधल्या नकाशावरची खूण. लिंबोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडल्या तर एका दिवसात तापून मरतात. त्यांचा गर धुऊन, सावलीत सुकवून दोन-तीन आठवड्यांत पेरा.

एवढं जमवून आणलेली विविधता रोपवाटिकेत नकळत हरवते. बहाव्याचं बी कठीण कवचाचं, काही आठवड्यात तर काही वर्षानं उगवतं. गादीवाफ्यावरची पहिली तीनशे रोपं पिशवीत भरली आणि वाफा मोडला, की उशिरा उगवणारं सगळं कचऱ्यात गेलं. लहरी पावसाच्या मुलखात उशिरा उगवणं हा दोष नाही, तो त्या बीचा सांभाळ आहे. प्रत्येक बी एका बाजूनं कानशीनं घासून, रात्रभर पाण्यात भिजवून पेरलं तर उगवण बरीच एकसारखी होते आणि ही निवड टळते. छोटी रोपं सरसकट काढूनही टाकू नका. रोज पाणी आणि शेणखत मिळणाऱ्या पिशवीतलं सगळ्यात उंच रोप टेकडीवरही सगळ्यात चांगलं राहील असं नसतं. रोगट, पांढरी आणि मूळ गुंडाळलेली मात्र काढा. रोपं विकत घ्यायची असतील तर रोपवाटिकेला विचारा: बी कोणत्या गावचं, किती झाडांचं, कोणत्या वर्षीचं? उत्तर मिळालं नाही तर निदान तीन-चार रोपवाटिकांतून थोडी थोडी घ्या.

यासाठी प्रयोगशाळेत जावं लागतं का? बहुधा नाही. झाडांच्या जीनोमवर, म्हणजे सगळ्या डीएनएवर, बरंच काम झालं आहे. पहिला पूर्ण जीनोम २००६ मध्ये पॉप्लरचा आला, सागाचा आराखडा कोइमतूरच्या वन आनुवंशिकी आणि वृक्ष प्रजनन संस्थेनं दिला, आणि लॉब्लॉली पाइनचा जीनोम तर २२ अब्ज अक्षरांचा, माणसाच्या सातपट. लागवडीसाठी यातलं फारसं लागत नाही. दोन कामांना चाचणी उपयोगी पडते. एक, बांधावरच्या सालया एकाच झाडाच्या आहेत का. मायक्रोसॅटेलाइट प्रकारच्या (डीएनएत पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या) आठ-दहा खुणा त्यासाठी पुरतात. दोन, पाना-फुलावरून न ओळखू येणाऱ्या रोपाची जात. तिथे आरबीसीएल आणि मॅटके हे हरितलवकातले (पान हिरवं ठेवणाऱ्या कणांतले) डीएनएचे दोन तुकडे वाचतात. पण हरितलवक बहुतेक सपुष्प झाडांत आईकडूनच येतं, म्हणून संकरित रोपाचा बाप या चाचणीत दिसत नाही, आणि जवळच्या जातीही कधीकधी वेगळ्या निघत नाहीत. जात ओळखायला फुलाफळासकट दाबून सुकवलेला नमुना घेऊन आधी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रात किंवा आघारकर संस्थेच्या वनस्पतिसंग्रहाकडे विचारणं जास्त बरं.

नमुना पाठवायचाच झाला तर कोवळं, नुकतं उलगडलेलं पान घ्या, रुपयाच्या नाण्याएवढे दोन तुकडे. धूळ पुसा, कागदी पाकिटात घालून पानाच्या दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या खड्यांत) ठेवा. चोवीस तासांत पान कुरकुरीत व्हायला हवं. झालं नाही तर जेल बदला. ओलं पान प्लॅस्टिकमध्ये फ्रीजमध्ये ठेवलं की काळं पडतं आणि डीएनएचे तुकडे होतात. जून पानात टॅनिन जास्त, सावरीत चिकट द्रव्य, वडात चीक. प्रयोगशाळेत सीटॅब या रसायनाच्या दोन टक्के द्रावणात ६५ अंशांवर पान उकलतात तेव्हा ही द्रव्यं डीएनएला चिकटून बसतात. अर्क तपकिरी निघाला तर टॅनिन धरून ठेवणारं पीव्हीपी वाढवतात, चिकट निघाला तर मीठ वाढवतात. पण कोवळं आणि झटपट सुकवलेलं पान दिलं तर बराच त्रास मुळातच वाचतो. अर्क किती शुद्ध आहे हे प्रकाश शोषण्यावरून मोजतात; त्यातलं २६०/२८० गुणोत्तर १.८ च्या आसपास आणि २६०/२३० दोनच्या जवळ असलं की पुढची चाचणी सहसा अडत नाही.

तुमच्या हजार रोपांसाठी मी जाती कमी करीन आणि आया वाढवीन. चाळीस जातींची प्रत्येकी पंचवीस रोपं म्हणजे एकेका जातीची संख्याच इतकी थोडी की पुढच्या पिढीत भावंडांशिवाय पराग मिळायचा नाही. दहा-बारा जाती, प्रत्येकीची ८० ते १०० रोपं, ३० आयांची सरमिसळ केलेली, आणि परागवाहकांना एका फेरीत गाठता येतील इतक्या अंतरावर. आवारातल्या पळसाचं बीही घ्या, पण तीसातला एक वाटा म्हणूनच. नोंदवहीत जात, मातृवृक्षाचा क्रमांक, जागा, तारीख, किती बिया आणि किती उगवल्या एवढं लिहिलं तरी पुरे.

पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलावर असताना दिवे घाटातून लांबूनही मोजता येतो, आणि सालई त्याच सुमारास निष्पर्ण असून फुललेली असते. तेव्हाच नकाशावर खुणा करून ठेवा. मे-जूनमध्ये शेंगा उतरवायला जाल तेव्हा सगळं पानांनी भरलेलं असतं, आणि मग हात आपोआप रस्त्याकडेच्या पहिल्या तीन झाडांकडेच जातो.